थेट प्रक्षेपणातली सुपारी

सेलूच्या 'स्वरदत्त' रेडिओचा इतिहास मालकाच्या तोंडून ऐकावा. वेळ बरा जातो आणि वर चहा मिळतो. दत्तराव सांगतात की त्यांना लहानपणापासून संगीताचं वेड होतं. खरी गोष्ट एवढीच, की सेलूहून देवगाव फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची कापसातून सरकी काढायची जिनिंग होती, आणि समोरच्या व्यापाऱ्यानं कापसाच्या भावाचा भलामोठा फलक लावला तेव्हा यांना त्याच्याहून मोठ्यानं ओरडायचं होतं. फलक फार तर रस्त्यावरून दिसणार. रेडिओ हवा चांगली असली तर येलदरीच्या धरणापर्यंत ऐकू जातो. त्यात त्यांनी स्वतःचं नावही हळूच घुसवलं. लोकांनी मात्र पहिल्याच महिन्यात त्याचं 'सरकी रेडिओ' करून टाकलं, आणि दत्तरावांचं तोंड सोडून सगळीकडं अजून तेच नाव चालतं.

खासगी रेडिओला बातम्या द्यायची परवानगी नसते. भाव सांगता येतो, हवामान सांगता येतं, गाणी लावता येतात, आणि जाहिराती तर कितीही. त्यामुळं सुरुवातीपासून 'स्वरदत्त'चा खरा कार्यक्रम एकच होता, दुपारी बारा वाजताचा भाव. बाकी दिवसभर बियाणं, साड्या, मंगल कार्यालयं आणि मूळव्याधीचे दवाखाने. भावाच्या आधी एक ओळ वाजायची. ती दत्तरावांनी स्वतः जुळवली होती आणि तिचा त्यांना लेकरापेक्षा जास्त अभिमान होता: 'जे कानावर, तेच काट्यावर!' म्हणजे रेडिओवर जो भाव ऐकाल तोच जिनिंगच्या काट्यावर मिळेल.

तो भाव वाचायची सविता. देवगाव फाट्याच्या अलीकडच्या खेड्यातली, बन्सीधरची थोरली पोरगी, सेलूच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. आवाजाच्या चाचणीला आलेली बाकीची पोरं-पोरी पुण्याहून आल्यासारखी बोलू लागली होती. सविता घरच्यासारखी बोलली आणि आकडे न अडखळता वाचले, म्हणून दत्तरावांनी तिला ठेवली. माईकसमोर ती छापील मराठी बोलायची आणि माईक बंद झाला की आपली. एवढी सोय तिनं पहिल्या दिवसापासून करून ठेवली होती.

पहिल्याच हंगामात तिनं घोटाळाही केला. आदल्या दिवशीचा चढा भाव पुन्हा वाचून टाकला. संध्याकाळपर्यंत जिनिंगच्या फाटकावर टेम्पोंची रांग लागली आणि लोक 'जे कानावर' म्हणून दत्तरावांच्याच चालीत ओरडायला लागले. दत्तरावांनी दात-ओठ खात तो भाव दिला. पण माणूस व्यापारी. नुकसानीतूनही काहीतरी उचलल्याशिवाय उठणारा नव्हता. त्यांनी त्याच दिवशी नियम घातला: रेडिओवर चूक गेली तर दुरुस्ती जाईल, ठरल्या वेळेला, तीन दिवस लागोपाठ, आणि ज्या तोंडानं चूक केली त्याच तोंडानं. सविताला ती दुरुस्ती वाचताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चूक कबूल करणारा व्यापारी लोकांनी बापजन्मात पाहिला नव्हता. त्यानंतर गावोगावी माणसं समोरच्या फलकाकडं न बघता बाराची वाट बघू लागली.

इथवरचा इतिहास दत्तरावही सांगतात. पुढचा नाही सांगत.

कापसाचा हंगाम सुरू होताना जिनिंगमध्ये काटापूजन असतं. वजनकाट्याला हार घालायचा, नारळ फोडायचा, आणि पहिल्या गाडीच्या शेतकऱ्याला फेटा बांधून मान द्यायचा. मागच्या हंगामात दत्तरावांच्या डोक्यात आलं की याचं थेट प्रक्षेपण करावं. रेडिओचा तंत्रज्ञ राम वायरी घेऊन जिनिंगवर गेला, एक छोटा माईक दत्तरावांच्या उपरण्याला अडकवला, आणि सविता सेलूच्या स्टुडिओत काचेमागं बसून राहिली. पूजा संपली की रामनं फोनवर खूण करायची आणि तिनं पुढची जाहिरात वाचायची, असं ठरलं होतं.

पहिली गाडी नेमकी बन्सीधरची लागली. ठरवून नव्हे, त्याचं रान चार एकर कोरडवाहू, कापूस लवकर फुटला आणि तो पहाटेच येऊन उभा राहिला. पूजा झाली, नारळ फुटला, फेटा बांधून झाला. राम हलगीवाल्यांना मागं सरकवायला गेला, आणि उपरण्याचा माईक तसाच चालू राहिला. दत्तराव खुशीत होते. खुशीत आलेला मालक गरिबाची चेष्टा करतो, आणि त्याला तो मायाच समजतो. त्यांनी बन्सीधरच्या खांद्यावर थाप मारली.

"बन्श्या, तुही सविता लय गुणाची हाय रं. आमच्या सुरजला देऊन टाक की!"

बन्सीधर हसला. म्हणाला, "मालक म्हणतेत तसं."

"मग ही घे सुपारी!" म्हणत दत्तरावांनी पूजेच्या ताटातली सुपारी त्याच्या हातावर ठेवली. भोवतीची माणसं ओरडली, "ठरलं, ठरलं!" आणि तेवढ्यात हलगी वाजली.

जे तिथं उभे होते त्यांना ही चेष्टा असल्याचं दिसत होतं. दत्तरावांनी डोळा मारला होता, मुनीम पोट धरून हसत होता, बन्सीधरचा फेटा कानावर घसरला होता. पण रेडिओला डोळे नसतात. सेलूपासून येलदरीपर्यंत ज्यांनी ऐकलं त्यांनी फक्त एवढं ऐकलं, की मुलीचं नाव निघालं, मुलाचं नाव निघालं, मुलीचा बाप हो म्हणाला, सुपारी दिली, पाच माणसांनी ठरलं म्हटलं आणि वाजंत्री वाजली. आपल्याकडं सोयरीक याहून वेगळी कशी ठरते?

सवितानंही तेवढंच ऐकलं. काचेमागं, कानाला हेडफोन लावून. मग रामची खूण आली आणि तिनं समोरचा कागद उचलला. त्यावर जाहिरात होती ती एका मंगल कार्यालयाची, प्रशस्त वाहनतळ आणि थंड पाण्याची सोय असलेल्या. तिनं ती न अडखळता वाचली. 

संध्याकाळी ती गावात पोचली तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. आत बायका बसलेल्या, माय गूळ-शेंगदाणे वाटायलेली, आणि बन्सीधर तोच फेटा अजून डोक्यावर ठेवून खाटेवर बसलेला. सकाळी तो चेष्टेला हसला होता. पण घरी येईपर्यंत वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि चार गावची माणसं जे खरं म्हणतात ते खोटं म्हणणारा तो कोण? त्यानं फाट्यावर थांबून पेढे घेतले होते.

"माय, मला कुणी इचारलं?" सवितानं चुलीपाशी विचारलं.

"आमाला कुणी इचारलं व्हतं?" कमलबाई म्हणाली. "मालकाचं घर हाय. नशीब असं दारात चालत येतंय का कुणाच्या?"

"चेष्टा केली त्यायनं."

"सुपारी खरी हाय का न्हाई?"

सुपारी खरी होती. देवाच्या कोनाड्यात हळदी-कुंकू लावून ठेवली होती.

तिकडं दत्तरावांच्या घरी त्या रात्री ताटं आपटली. त्यांच्या पत्नी सुमनबाई तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि बोलल्या ते ऐकायला बरं नव्हतं. मुलगा सुरज पुण्याला होता. त्यानं फोनच बंद करून ठेवला, ज्याला त्याच्या घरी समजूतदारपणा म्हणतात. दत्तरावांना एका वाक्यात सुटता आलं असतं: ती चेष्टा होती. पण दुसऱ्याच सकाळी जिनिंगवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्यांचा हात धरून म्हटलं होतं, "दत्तराव, मानलं तुमाला. जे कानावर, तेच काट्यावर! गरिबाच्या पोरीला बी तोच भाव." आता हंगामाच्या तोंडावर उठून, रेडिओवर बोललेलं खरं नसतं असं सांगायचं? मग उद्या बाराचा भाव कोण खरा धरील? दत्तरावांनी व्यापाऱ्यासारखा विचार केला आणि गप्प बसले. विचारणाऱ्याला म्हणायचे, "बघू, दिवाळी होऊ द्या."

असं गाडं अडकलं. बन्सीधरला ते सोडवायचं नव्हतं, दत्तरावांना सोडवता येत नव्हतं. राहिली सविता, जिला दोन्हीकडून कुणी मोजतच नव्हतं. तिच्या जिवाला दोन गोष्टी लागल्या होत्या. एक, आपल्याला विचारल्याशिवाय आपलं काही ठरू नये. दुसरी, बाराचा माईक. सुमनबाईंनी कुणाकडून तरी निरोप पाठवलाच होता, की झालंच उद्या असं काही, तर आमच्या घरची सून दुनियेला भाव सांगत बसणार नाही. सविताला सुरज आवडत होता की नाही, हा प्रश्नच नव्हता. तिनं त्याला एकदा, जिनिंगच्या गणपतीत, आरती म्हणताना पाहिलं होतं.

ती रोज अकराला भाव घ्यायला जिनिंगवर जायची. एक दिवस भाव घेतल्यावर ती दत्तरावांच्या गादीसमोरून हलली नाही.

"मालक, दुरुस्तीचा नियम तुमचाच हाय."

"कशाची दुरुस्ती?" दत्तरावांनी विचारलं, पण मान वर केली नाही.

"चूक तुमच्या तोंडून गेली. तुमीच वाचा. मी लिहून आणलंय."

दत्तरावांनी कागद घेतला, वाचला, घडी घातली आणि दुसरीकडं बघत म्हणाले, "पोरी, माझ्या मागं लय कामं हायत सध्या." त्यात राग नव्हता. लाज होती, आणि लाजेला त्यांनी कामाचं नाव दिलं होतं. सविताला ते कळलं, म्हणूनच तिची चीड जास्त झाली.

ती स्टुडिओत आली. बारा वाजले, ओळ वाजली, तिनं कापसाचा भाव वाचला, सोयाबीनचा वाचला, तुरीचा वाचला. मग त्याच आवाजात, एक श्वासही लांब न घेता, तिनं पुढं वाचलं:

"एक दुरुस्ती. काटापूजनाच्या थेट प्रक्षेपणात सविता बन्सीधर यांची सोयरीक ठरल्याचे प्रसारित झाले. ते बरोबर नाही. मुलीला विचारलेले नव्हते. ज्यांच्या तोंडून ही चूक झाली ते सध्या कामात असल्यामुळे ही दुरुस्ती मुलगी स्वतः वाचत आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

काचेपलीकडं राम खुर्चीतून अर्धवट उठला होता. त्याला गाणं लावायचं सुचेना. काही वेळ 'स्वरदत्त'वर नुसती शांतता गेली, आणि ती जिकडंतिकडं ऐकली गेली.

मालकाचा फोन येईल म्हणून दोघं वाट बघत बसले. फोन आला नाही. घरी मात्र बन्सीधरनं रेडिओची वायर उपटून तो माळ्यावर टाकला होता. "माह्या घरात आता ह्याचा आवाज नको," म्हणाला, आणि पोरीकडं पाठ करून जेवला. कमलबाईनं तिला भाकरी वाढली ती ताटात न बघता. सविता ती खाऊन उठली. तिला रडू आलं ते भांडी घासताना, आणि तिनं ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच वाचलं. आणि त्या दिवशी दत्तरावांना मोकळं वाटू लागलं. रेडिओचा शब्द मोडला नव्हता, दुरुस्त झाला होता. भावाची पत शाबूत होती, घरात ताटं वाजायची थांबली होती, आणि हे सगळं परस्पर, त्यांनी जीभही न उचलता. सुटलेला माणूस सैल बोलतो. संध्याकाळी फाट्यावरच्या हॉटेलात चार माणसांत ते म्हणाले, "अरे, चेष्टाच होती ती! बन्श्याच्या घरी कामून करीन मी सोयरीक? त्यानं खरं धरलं, पेढे बी वाटले म्हणं!" चारही माणसं हसली. त्यातला एक बन्सीधरच्या शेजारचा होता. गावात बातमी पोचायला रेडिओ लागत नाही.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजून गेले तेव्हा स्टुडिओच्या दारात बन्सीधर उभा होता. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच आला होता. पायताण त्यानं जिन्याखालीच काढून ठेवलं होतं, देवळात काढतात तसं. एसीच्या गारठ्यात त्यानं उपरणं अंगाभोवती ओढून घेतलं आणि भिंतीला चिकटवलेल्या स्पंजाकडं बघत राहिला.

"आबा?" सविता उठली. तिला वाटलं, हात धरून न्यायला आला.

"तुहा नेम काय म्हणतो?" त्यानं विचारलं. "ज्या तोंडानं चूक झाली त्याच तोंडानं, असंच ना?"

"हां."

"मग तू कामून वाचायलीस? तू कुठं बोलली व्हतीस? बोलले मालक, आन हासलो मी." तो थांबला. "मालकाला टाइम न्हाई. मला हाय. कुठं बोलायचं ते दाखीव."

रामनं त्याला खुर्चीवर बसवलं, माईक खाली केला. सविता म्हणाली, "आबा, लिहून देऊ का?" त्यानं मान हलवली, नको. बारा वाजले. तिनं भाव वाचले, आणि 'एक दुरुस्ती' एवढंच म्हणून माईक बापाकडं सरकवला.

बन्सीधर आधी खाकरला. मग शेतात लांबच्या माणसाला हाक मारावी तसा मोठ्यानं बोलू लागला, आणि रामला घाईनं आवाज खाली करावा लागला.

"मी बन्सीधर. काटापूजनाला माही पहिली गाडी व्हती. मालक म्हणले पोरगी दे, तव्हा मी हासलो, ते तुमी ऐकलं. ते हासणं होकाराचं नव्हतं. मालक हासले म्हणून हासलो. आपून असंच हासतोत. पोरीला कुणी इचारलं न्हाई, आन खरं बोलायचं तर मलाबी कुणी इचारलं न्हाई. पेढे वाटले ती माही चूक. ज्यायनं खाल्ले त्यायनं गोड मानून घ्यावे. सुपारी वापस आणली हाय. ती हितं ठिवतो. बस, एवढंच."

त्यानं खिशातून सुपारी काढून माईकच्या बुडाशी ठेवली. कुंकू लागलेली होती. ती ठेवल्याचा टक् असा आवाज सगळीकडं गेला.

जिनिंगमध्ये त्या वेळी कर्णा लावलेला असायचा, भाव सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. काट्यावर गाड्या होत्या, गाड्यांपाशी माणसं होती, आणि गादीवर दत्तराव होते. मुनीम पुढं सांगायचा, की त्या दिवशी कुणी हसलं नाही, आणि कुणी मालकाकडं बघितलंही नाही, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

 दुसऱ्या दिवशी अकराला सविता गेली तर दत्तरावांनी भाव दिला, तिनं घेतला. गावात थोडे दिवस कुजबुज झाली. पोरगी जड जाईल म्हणाले, बाप पोरीच्या नादी लागला म्हणाले, मग सोयाबीन काढायची धांदल आली आणि लोकांना त्याहून मोठी दुखणी सुरू झाली. सुरजचा फोन पुन्हा लागू लागला. सुपारी सवितानं कुणाला टाकू दिली नाही. ती स्टुडिओतल्या खिडकीत आहे, आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवतात.

दिवाळीनंतर कापसाची दुसरी वेचणी झाली. सविता भाव नेऊन वाचून आली होती, पण मुनिमानं तुरीचा आकडा चुकीचा दिल्याची तिला शंका आली, म्हणून दुपारी परत जिनिंगवर गेली. फाटकात बापाचा टेम्पो उभा होता. तिला माहीत नव्हतं. घरात दोघं आता बोलत होते, पण कामापुरतं. ती स्कुटी लावून तिथंच थांबली.

गाडी काट्यावर चढली. गादीवरून दत्तराव उठले. ते शेतकऱ्यासाठी उठत नसत, आमदारासाठीही अर्धवटच उठत. ते चार पावलं पुढं आले, आणि जरा अडखळत म्हणाले, "या, बन्सीधरराव. बसा. च्या घ्या."

भोवतीची माणसं थबकली.  जन्मभर 'बन्श्या' ऐकलेल्या सविताच्या बापानं मालकाकडं बघितलं. हसला नाही.

"बसाया न्हाई आलो, मालक," तो म्हणाला. "पोरीनं बाराला भाव वाचलाय. माळ्यावरून रेडिओ काढून ऐकलाय मी. तेवढा लावा."